तिप्पट ओरेगॅनो

बाबा,

मी गिरणीवर साधं खाद्य आणायला चाललेय, जेवायच्या वेळेपर्यंत येते. तोवर डुकराच्या पिल्लांच्या पाण्यात अँटिबायोटिक घालू नका. एकदा घातलं, की औषधाविना वाढवलेली म्हणून ती कोणी घेणार नाही, आणि आईने सहा वर्षं खपून बसवलेली घडी मोडेल.

पिल्लं आजारी नाहीत, उपाशी आहेत. सकाळी खाद्याच्या पिंपाचं झाकण उघडलं तर आपण औषधाऐवजी घालतो त्या ओरेगॅनोच्या तेलाने माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आईच्या मापाच्या तिप्पट तरी असेल. एवढ्या उग्र वासाला पिल्लं तोंड लावतील होय?

गेल्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, "तेलात दम राहिला नाही, तो गिरणीवाला डॅरिल भेसळ करतो." मी तुमचं ऐकून त्याला फोनवर चांगलं झापलं. आता आधी त्याची माफी मागायची आहे.

मग मला रविवार आठवला. कॉफी करपून घरभर धूर झाला, तरी तुम्ही शेजारीच पेपर वाचत बसला होतात. हिवाळ्यातल्या त्या तापापासून तुम्हाला वास येत नाही ना? तोंडावर विचारलं असतं तर भांडला असतात, म्हणून लिहितेय.

यापुढे तेल आईच्या चमच्यानेच घाला. वास मी घेत जाईन.

फ्रिजमधलं दूध ओतून दिलंय. नासलं होतं. काल तुम्ही त्यातलेच दोन पेले प्यायलात, बाबा.

मार्लिस