घागर कुठे भरावी

१६ एप्रिल ९५, रवि.
प्रकृती बरी नाही. गुडघा आणि छाती, दोन्ही. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली; पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायची. आमच्या हिची पहिलीच घागर. पौषात गेली, म्हणजे या आखाजीला भरलीच पाहिजे, नाहीतर तहानलेली राहील. गावाहून नानांचा फोन रमेशच्या कारखान्यात आला. "घागर मूळ घरी भरायची. भाड्याच्या खोलीत पितर येत नाहीत. मी न्यायला येतो." थोरला भाऊ. त्यांचा शब्द आजवर मोडला नाही. रमेश म्हणतो, "आबा, तुम्ही म्हणाल तसं." पोराचं हे वाक्य मला आवडत नाही. सगळं माझ्यावर येतं.

१८ एप्रिल, मंगळ.
झोप नाही. गाव म्हटलं की गेला भादवा आठवतो. सुरतेत प्लेग, गाड्यांच्या टपावर माणसं. आम्ही दोघं उधन्याहून पळालो. गावी पोचलो तर पितृपंधरवडा चालू. नानांनी गोठ्यात उतरवलं. पाण्याचा तांब्या लांब ठेवायचे आणि मागे सरायचे. कावळ्याला मात्र हाका मारमारून पान. ही तेव्हा म्हणाली, "या घरनं पानी आते मन्हा नरडाखाले उतरत नही."
आता त्याच घरी तिची घागर. आणि नाही म्हणावं तर नाना.

२१ एप्रिल, शुक्र.
अश्विनीकुमार घाटावर गेलो. हिला जिथे नेलं ते लांबूनच पाहिलं. तीन पानांच्या वडाखाली एक म्हातारा गुजराती बसला होता. म्हणाला, "काका, आ कर्णनी जग्या छे." मरताना कर्णाने मागितलं म्हणे, जिथे कुणी जळलं नसेल तिथे मला जाळा. तशी जागा साऱ्या पृथ्वीवर सुईच्या टोकाएवढी, ती इथे तापीकाठी. तापी सूर्याची मुलगी, कर्ण सूर्याचा मुलगा. म्हणजे शेवटी बहिणीच्या दारात आला.
वडाला तीनच पानं, वाढतच नाहीत म्हणे. मला तीनच दिसली. पण मोतीबिंदू आहे.

२४ एप्रिल, सोम.
आईने सांगितलेली कर्णाची दुसरी गोष्ट आठवली. स्वर्गात त्याच्या ताटात नुसतं सोनं वाढलं. का, तर जन्मभर सोनं वाटलं, पण पितरांना पाण्याचा थेंब दिला नाही. आपले पितर कोण हेच त्याला माहीत नव्हतं. मग पाणी द्यायला पंधरा दिवस खाली पाठवला.
तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. हिच्या ताटात काय असेल? हिने सोनं वाटलं नाही, अंगावरही नव्हतं.
कर्णाला आपले कोण ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहेत, हीच अडचण.

२८ एप्रिल, शुक्र.
नाना पॅसेंजरने आले. थकलेत. लेक सुमनही आखाजीला माहेरी आली, बमरोलीहून. लेकीने नुकतं पाणी आणलं तोच नानांनी विषय काढला. "तिनी राख तुम्ही आठे सुरतमा तापीमा टाकी. नदी आमनाकडथीन तुमनाकडे येस. ती उलटी कशी चढी?"
सुमन म्हणाली, "मन्हं माहेर आठेच शे, नाना. आखाजीले मी तुमना गोठामा येऊ का?" आणि पेला थेट त्यांच्या हातात दिला. "ल्या. आठे पानी हातमा देतस."
रमेश उठून बाहेर गेला. नानांनी पेला किती वेळ तसाच धरला. मग भिंतीकडे पाहून, "प्लेगमा गाव मांगे लागेल व्हतं. घरमा लेकरं व्हतीत."
 रात्री बी.पी.ची गोळी विसरलो.

२९ एप्रिल, शनि.
नानांना वड दाखवायला नेलं. म्हणाले, "तीन कोठे, पाच शेतस." त्यांचे डोळे चांगले आहेत. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. हसले, मी जन्म कापडाच्या लूमवर काढला ना. "म्हंजे तू कर्ण? लूमवाला कर्ण!" मी म्हटलं, मी नाही, ही. आपल्या घराने बाहेर ठेवली ती ही. तापीने घेतली.
हे मला आधी सुचलं नव्हतं, बोलता बोलता तोंडातून गेलं.
 मग नाना म्हणाले, "मंग मी कोन?"
मी रिक्षाला हात केला. उत्तर द्यायला हवं होतं का? येताना रिक्षात आम्ही दोघंही बाहेरच बघत होतो.

२ मे, मंगळ. आखाजी
घागर इथेच भरली. सकाळी मी एवढंच म्हटलं, "रमेश, माठ आण."  वर डांगर (खरबूज), आंबे, गोड सांजोऱ्या. रमेशने पाणी ओतलं, सुमन रडली. नाना गेले नाहीत, थांबले. त्यांनीही हात जोडले, पण ओठ हलत होते ते काय म्हणत होते कळलं नाही.
दिवसभर धाकधूक. भाड्याची खोली. तिला सापडेल ना. इथूनच तर गेली. सापडेल.

३ मे, बुध.
घागरीतलं पाणी बोटभर उतरलेलं. माती पाझरतेच, उन्हाळा आहे. तरी दोनदा पाहिलं.
नानांनी निघताना सुमनकडे रिकामी बाटली मागितली. घागरीतलं पाणी स्वतःच्या हाताने भरून घेतलं. "पानी वर चढत नही ना. मंग मी गावले लई जास." सुमनने बूच घट्ट लावून दिलं. 
उधना स्टेशनवर पोचवायला गेलो. गर्दीत चढले, खिडकी मिळाली. बाटली मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. गाडी सुटली आणि मग आठवलं, ते पाणी कुठे ओतणार, घरात की गोठ्यात, हे विचारायचंच राहिलं.