डिकीतली तात्पुरती व्यवस्था

कात्रज, पुणे
सोमवार, दुपार

आदरणीय रामदासमामा,

मनापासून जयभीम. ऑपरेशननंतर गुडघा वाकतोय का, आणि व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला व्यायाम कसा घ्यायचा हे तुम्ही अजून शिकवताय का, ते कळवा. (मामी म्हणाल्या, ही तिसरी.) इकडे आम्ही सगळे मजेत. तुमची गाडीपण मजेत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. खरं तर व्हॉइस नोट पाठवणार होते, पण "मोबाइलवरचं रेकॉर्डला लागत नाही" हा तुमचा नियम ट्रेझरीतून रिटायर झाल्यावरही चालूच आहे, म्हणून पेन शोधलं.

तर डिकी. तुम्ही गाडी आमच्याकडे ठेवून नागपूरला गेलात आणि पंधरा दिवसांत तिने बंद राहणं सोडलं. स्पीडब्रेकर आला की ही टुणकन वर. मागचे लोक हॉर्न वाजवून सांगणार, आम्ही हात दाखवून थँक्यू म्हणणार, पुढच्या स्पीडब्रेकरला परत तेच. शेवटी आई तिला ओढणीने बांधून फिरवायला लागली. आणि कारण काय, तर "निकिता आपटते." हा शोध तुम्ही फोनवर लावलात, मामा, गाडी न बघता, आणि आईने तो तिथल्या तिथे मंजूर केला. महिनाभर मी आमच्या फ्रिजचं दारसुद्धा दोन्ही हातांनी लावत होते. म्हणून ठरवलं, ही डिकी मीच रिपेअर करणार. चौदा व्हिडिओ बघितले. (एकात माणूस रशियन बोलत होता, पण त्याचंच सगळ्यात नीट कळलं.)

आता टायमिंगचं म्हणाल, तर तिथे माझं चुकलं. काल सकाळी अकराला मांजरी गावातल्या हॉलमध्ये श्रद्धाताईचं, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचं लग्न. कसबा पेठेतून आणलेली पितळी बुद्धमूर्ती आणि ताईची पांढरी साडी पोचवायची जबाबदारी आमच्यावर. दोन्ही आदल्या दिवसापासून डिकीत. आई म्हणाली, आधी सामान काढ. मी म्हटलं, पाच मिनिटांचं तर काम आहे. दोन स्क्रू घट्ट केले, खटक्यावर भरपूर स्प्रे मारला आणि बाबांना म्हटलं, "जरा बसा." बाबा डिकीवर बसले. (हळूच. ओरखडा नाही. मी भिंगाने बघितलंय.) खट्ट! इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी पार्किंगमध्ये चक्क नाचले. मग उघडायला गेले, तर उघडेना.

बटण दाबलं, आतून कट्ट आवाज आला, बास. किल्ली फिरवली, तेच. बाबा म्हणाले, "छान. बंद होत नाही अशी तक्रार होती, आता उघडत नाही अशी झाली. प्रगती आहे." साडेआठ वाजले होते. कोपऱ्यावरच्या सुदर्शनच्या गॅरेजकडे धावले, तर पाटी: 'रविवारी बंद. शटर वाजवून खात्री करू नये.' तेवढ्यात ताईचा फोन. आईने स्पीकरवर टाकला. "काकू, निघालात ना?" आई माझ्याकडे बघत म्हणाली, "साडी अगदी सेफ आहे गं, कुणी हातसुद्धा लावू शकत नाही." मामा, त्या क्षणी मला रडू आलं, खोटं नाही सांगत. ताईने ती साडी चार महिने शोधली होती.

मग रशियन माणूस आठवला. मागच्या सीटची पाठ खाली पडते, पण तुम्ही तिचा खटका सुतळीने बांधून ठेवलाय. (सात गाठी. मोजल्या.) त्या कापल्या आणि हेअरबँडमध्ये मोबाइलचा टॉर्च अडकवून डिकीत शिरले. मूर्तीला मनातल्या मनात सॉरी म्हणत सरपटत पोचले, तर लॉकमध्ये कसलातरी पुठ्ठा घट्ट बसलेला. आईचा भुवयांचा चिमटा मागवला, पुठ्ठा ओढला, स्क्रूड्रायव्हरने आतली दांडी सरकवली आणि डोक्यावर एकदम आभाळ! आईने आधी साडी तपासली, मग मूर्ती, मग मी. अकराला दहा कमी असताना हॉलवर होतो. ताई त्या साडीत इतकी गोड दिसत होती की मी लग्नभर उगाचच सगळ्यांकडे बघून हसत होते. आता डिकी एका बोटाने लागते आणि एका बोटाने उघडते. मामींना नमस्कार.

तुमची न आपटणारी भाची,
निकिता

ता.क. तो पुठ्ठा सरकारी फायलीचा आहे. घडी उलगडली तर आत तुमच्या अक्षरात: 'डिकीची खडखड थांबविणेकामी तात्पुरती व्यवस्था', खाली तारीख, सही. तारीख सहा वर्षांपूर्वीची. तीच व्यवस्था सरकून लॉकमध्ये गेली होती. आईला अजून दाखवलेला नाही. माझ्या कपाटात आहे. रेकॉर्डला.

ता.क. २. गाडी दिवाळीपर्यंत पुण्यातच राहू द्यावी, आणि 'निकिता आपटत नाही' असं आईला लेखी कळवावं, ही नम्र विनंती.

ता.क. ३. पुठ्ठा काढल्यापासून डिकी इतकी खडखडते की बाबा गाडीत बसेनात. म्हणून आज सकाळी ताईच्या लग्नपत्रिकेची घडी करून तिथेच बसवली आहे. तात्पुरती. तारीख घातली आहे, सही माझी आहे.