रेंजच्या दगडापर्यंतचा व्यायाम

गुंद,
वैशाख वद्य पंचमी

चि. दीपाली हिस दादाचे आशीर्वाद.

('चि.'च्या पुढे सवयीने 'सौ.' लिहायला गेलो आणि पेन थबकलं. मग म्हटलं, तू माझी धाकटी आहेस, एवढं पुरे.)

इकडे सर्व कुशल, माझी कंबर वगळून. तिचा वृत्तान्त यथास्थळी येईल. तू जेवतेस की नाही हे तू कळवणार नाहीस, म्हणून विचारत नाही. पौषात किरणराव गेले आणि सुट्टी लागताच तू मयूरीला आमच्याकडे सोडून पुण्याला परतलीस. जाताना म्हणालीस, "दादा, हिच्या हातातला मोबाईल सुटू दे, जरा उन्हात खेळू दे." त्या कामगिरीचा हा अहवाल.

पहिल्या दिवशी पाठशाळेच्या शिस्तीने सूर्यनमस्कार आरंभिले. सूर्याची नावं बारा. मी तिसऱ्या नावाला वाकलो तो तिथेच राहिलो. मयूरीने (तुझीच मुलगी, शंका नको) मला सरळ करण्याआधी माझा फोटो काढला. पुढे लगोरी. त्यासाठी गोठ्यावरचं एक धडधाकट कौल फोडलं (हे तुझ्या वहिनीला ठाऊक नाही, उत्तरात उल्लेख नको, तुझी पत्रं तीच आधी वाचते). माझा नेम चुकला आणि चेंडू मधमाश्यांच्या पेटीवर बसला. त्या दिवशी घरातले सगळेच धावले, पण त्याला खेळ म्हणता येणार नाही.

आणि तिसऱ्या आठवड्यात पोर आपणहून डोंगर चढू लागली! दुपारचा चहा झाला की निघायची. भूक वाढली, भात मागून घेऊ लागली. हे सारं शास्त्रोक्त व्यायामाचं फळ, असं मी गावभर सांगत सुटलो. शेजारचा झिलू चार दिवस ऐकून घेत होता. पाचव्या दिवशी म्हणाला, "भटजी, तुमच्या व्यायामानं न्हाई ते. पोरगी रेंजच्या दगडावर जातीया. पाचची पाळी तुमच्या घराची हाय न्हवं?"

तू लग्न होऊन इथून गेलीस त्यानंतरची ही व्यवस्था. गावात रेंज येते ती डोंगरमाथ्यावर, सड्याच्या उघड्या कातळावरच्या एका काळ्या दगडावर, अन्यत्र नाही. भांडणं नकोत म्हणून घरांनी पाळ्या लावून घेतल्यात, देवळातल्या पूजेला असतात तशाच (फरक इतकाच, की ही पाळी कुणी चुकवत नाही). आमची पाच ते सव्वापाच. मी ती कधी वापरली नव्हती.

परवा रागारागाने तिच्या मागे चढलो. म्हटलं, व्हिडिओ बघत असणार. ती फोन कानाला लावून बसली होती. बोलत मात्र नव्हती. पलीकडे पूर्ण वाजू दिलं, बंद केलं, उठली. पडद्यावर तुझं नाव होतं. मला बघून म्हणाली, "मामा, धाप लागली ना? बसा जरा." बसलो. रागवायचं राहून गेलं.

सारांश, मुलगी रोज डोंगर चढते आणि उतरते. कामगिरी फत्ते झाली असं समजावं.

तुझा,
दादा

ता. क. रामनगरच्या गाडीने फणसपोळी पाठवली आहे. वहिनीच्या हातची आहे, निर्धास्त खा.

आणखी ता. क. वरचा सारा मजकूर विसरलीस तरी चालेल, एवढं वाच. उतरताना मयूरीला विचारलं, आई उचलत नाही तरी रोज का लावतेस? म्हणाली, "माझा आवाज ऐकला की तिला रडू येतं, म्हणून नाही उचलत. माहितेय मला. पण मामा, बाबांचा फोन बंद लागतो. आईचा वाजतो. वाजला की मी येते खाली."

मृग लागला की दगडाला शेवाळ धरतं. त्याआधी एकदा उचल. बोलणं सुचलं नाही तर रड. पंधरा मिनिटं पुरायची नाहीत, म्हणून सव्वापाचच्या पाळीवाल्याला, म्हणजे झिलूला, विचारून ठेवलंय. तो म्हणाला, "आय बोलाय लागली तर आमची पाळीबी पोरीलाच द्या की."