काळ्या तारेचा नट

४ मार्च, सोमवार

गाडी चालू होईना! किल्ली फिरवली की नुसतं टक-टक. बॅटरी तर आत्ताच नवी घेतलेली. दुकानदार म्हणतो, "काका, लाइट चालू राहिला असेल." राहिला असेल! याच्या जन्माआधीपासून गाडी चालवतोय मी. बॅटरी तपासायला लावली — ठणठणीत. मग दोष कुणाचा? माझाच, दुसरा कुणाचा!

५ मार्च

बायको म्हणते, "बस असते की." एक सोडून तीन मेकॅनिक आणून दाखवले, एकालाही दोष सापडेना. बायकोला उत्तर दिलं असतं तर भांडण.

६ मार्च

लेकीचा फोन. कारखान्यात वायरिंगच बघते ती. म्हणाली, "बाबा, अर्थिंग बघा आधी." म्हणजे काय, तर वीज लाल तारेनं निघते, दिवे, हॉर्न, स्टार्टर सगळीकडे जाते — पण परत येते ती गाडीच्या पत्र्यातून! बॅटरीची काळी तार पत्र्याला नटानं आवळलेली असते. जाताना तारेतून, येताना गाडीच्या अंगातून. तो नट सैल झाला, गंजला, की संपलं. परत यायला वाट नसेल तर वीज निघतच नाही म्हणे.

आणि इतक्या मेकॅनिकांपैकी एकानं हे सांगू नये? सगळे चोर!

७ मार्च

नटाखाली गंजाचा हा थर! पॉलिश पेपरनं पत्रा लख्ख घासला, पान्यानं नट करकचून आवळला. पहिल्या झटक्यात चालू! दुकानासमोर जाऊन मुद्दाम हॉर्न वाजवला. बायकोला बॉनेटपाशी उभं करून सगळं समजावलं. "हाच का तो नट?" एवढंच विचारलं तिनं.

८ मार्च

डोकं फिरलंय. बायकोला घेऊन बाजारात निघालो तर डावीकडून एक सायकलवाला आरशाला घासून पडला. नुसतं खरचटलं, पण तोंड केवढं! "आजोबा, घंटी वाजवत होतो! दिसत नाही का?" स्वतः घुसायचं आणि वर आम्हालाच — चोराच्या उलट्या बोंबा!



१० मार्च, रविवार

गाडी पुन्हा ठप्प. दिवासुद्धा लागेना. बघतो तर नट सैल! आवळलेला नट दोन दिवसांत आपोआप फिरत नाही. शेजाऱ्याचा माझ्या सावलीतल्या पार्किंगवर केव्हाचा डोळा. भर अंगणात त्याला फैलावर घेतलं.

वरून बायकोचा आवाज — "त्यांना कशाला बोलता? मी केला सैल."

"तू?"

"तुम्हीच नाही का दाखवलात?"

शेजाऱ्यासमोर! मान खाली घालून जिना चढलो. वर जाऊन ओरडलो, का म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "सायकल, सायकल म्हणून ओरडले मी त्या दिवशी. तुम्ही आपले सरळ समोर बघत होता."

खोटं! साफ खोटं!

११ मार्च

बोलणं बंद. लेकीला फोन केला तर तीही आईचीच री ओढते. "डोळे दाखवून या, बाबा." येतो ना! दोघींच्या तोंडावर रिपोर्ट फेकतो की नाही बघा!

१३ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "समोर बघत राहा. बाजूला दिवा दिसला की हो म्हणा." उजवीकडे हो, हो, हो — एकही चुकला नाही. मग डावीकडे. बसलो वाट बघत. शेवटी म्हटलं, "बाई, लावा की आता!"

त्या हळूच म्हणाल्या, "कधीचा लावलाय, काका."