एकाच स्वरमालेवर मुक्काम

१४ मार्च, शनिवार

प्रिय ताई,

सकाळी तालीम झाली, दुपारी कपडे धुतले. माझी तब्येत ठीक आहे. बाबा वेळेवर जेवतात ना?

पियानो सोडून परत येतो, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते आता मागे घेतो.

आम्ही वाजवतो त्या जुन्या जॅझमध्ये चार-चार मात्रांना कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, बदलते आणि तिच्यामागे धावावं लागतं. आई गेल्यापासून मला ते धावणं जमेना. आज बँडप्रमुखांनी मोडल जॅझची चाल दिली. तिच्यात चौसष्ट मात्रा एकच स्वरमाला असते. तिच्यातले हवे ते सूर घ्यावेत, हवं तिथं थांबावं.

सवयीने मी चार मात्रा होताच कॉर्ड बदलली. खर्जातलं बास वाद्य वाजवणारा ओरडला, "अहो पाहुणे, निघालात कुठं? अजून मुक्काम आहे!" सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी मीही हसलो.

मग तीनच सुरांवर राहिलो. मध्येच आई आठवली, म्हणून थोडा थांबलो. स्वरमाला अजून तीच होती, कोणी माझ्यापुढे गेलं नव्हतं. पुन्हा वाजवू लागलो.

तू रात्री झोपतेस का गं? बाबांना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

ता. क. आता पाकीट चिकटवतो आणि शर्टाचं तुटलेलं बटण लावायला बसतो.