खिडकीतली स्वच्छ बाटली

प्रिय शौनक,

मनीप्लँटच्या बाटलीत पंधरा दिवसांत हिरवं शेवाळ का धरतं, असं लहानपणी तू विचारायचास. आज प्रश्न माझा आहे: त्याच खिडकीत ठेवलेली तुझी बाटली तीन महिने झाले तरी चकचकीत कशी? दक्षिण अमेरिकेतल्या तांब्याच्या खाणीखालच्या ओढ्यातून तू ती स्वतः भरून आणलीस आणि खडकवासल्याला लाजवेल असं पाणी म्हणून मिरवलीस.

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यामुळे उत्तर सांगताना मला अजूनही हुरूप येतो. त्या दगडात गंधक असतं. डोंगराच्या पोटात ते निमूट असतं. खणून उघड्यावर टाकलं, हवा-पाणी लागलं, की त्यातून आम्ल तयार होतं. आम्लात दगडातले धातू विरघळतात, शेवाळ मरतं, मासे मरतात. पाणी स्वच्छ दिसतं, कारण त्यात जगायला कोणी उरलेलं नसतं.

तुमच्या हिंजवडीच्या ऑफिसातला 'शाश्वत खाणकाम' अहवाल शब्दन्‌शब्द वाचला. छपाई सुरेख. ओढ्याचा पानभर फोटो. आम्लतेचा तक्ता मात्र सापडेना. चौदाव्या पानानंतर थेट सोळावं येतं; पंधरावं बहुधा पुरेसं शाश्वत नसावं. ओढ्याचं पाणी पिणारं गाव एकदाच भेटतं, तेही नकाशात, ठिपका म्हणून. आणि शेवटी 'स्वतंत्र तज्ज्ञ' म्हणून माझं नाव! मी माहेरचं आडनाव लावते, तेव्हा ही तज्ज्ञ तुझी आई आहे हे परदेशात कोणाला कळणार, एवढाच विचार तू केलास. माझ्या आडनावाचा असा उपयोग तुझ्या वडिलांनाही कधी सुचला नव्हता.

दिवाळीत तुझ्या अवनीला तहान लागली. तिने समोरची तीच बाटली उचलली, आणि तू भरल्या ताटावरून उठून ती तिच्या हातून हिसकावलीस. पोर रडली. तू काहीतरी थातुरमातुर सांगितलंस. पण पंधराव्या पानावर काय होतं, ते मला त्या क्षणी कळलं. त्या अहवालावर तज्ज्ञ म्हणून मी सही करणार नाही, हे कळवायला हे पत्र. सोमवारी त्यावर तुझी सही व्हायची आहे.

बाटली सोबत पाठवते आहे. कागदावर हळद आणि ओला चुना चोळ. तो लाल होईल; आम्ल लागलं की पुन्हा पिवळा पडतो. वाळू दे. एका बाजूला नळाच्या पाण्याचा थेंब टाक, दुसऱ्या बाजूला या बाटलीतला. कुठला डाग पिवळा पडला, ते अवनीला विचार. मग पेन उघड.

तुझीच,
आई
(सही फक्त या पत्रापुरती)