मलाच न वाचता येणारं माझं अक्षर

४ मार्च
अंगठा! मला अंगठा उठवायला सांगितला! छापखान्यात प्रुफं तपासण्यात माझी हयात गेली. भल्याभल्यांच्या वेलांट्या सुधारल्या मी. आणि आज डोळ्यांच्या दवाखान्यात तक्त्यावरची अक्षरं सांगता आली नाहीत म्हणून काउंटरवरची पोरगी शाईची डबी पुढे सरकवते! "आजी, अंगठा चालेल हं." पेन ओढून घेतलं आणि ठसक्यात सही ठोकली. तोंड बघण्यासारखं झालं तिचं. सही कशावर केली, ते मात्र मलाही कळलं नाही.

डॉक्टर म्हणे, "डोळे ठणठणीत आहेत." मग पेपरात नुसत्या मुंग्या का दिसतात? त्यावर पुढच्या पेशंटला हाक!

५ मार्च
मुलाचा फोन. "लिहिता येतं आणि वाचता येत नाही? आई, काहीतरीच हं तुझं!" फोन आपटला.

९ मार्च
मेंदूचे डॉक्टर निदान ऐकून तरी घेतात. मेंदूत बारीकशी गुठळी झाली होती म्हणे. "डोळे चित्र पाठवतात, मेंदूत ते पोचतंही. पण तिथून शब्दांकडे जायची वाट बंद पडलीय. लिहिण्याची वाट वेगळी, ती शाबूत आहे."

म्हणजे ही ओळ लिहून झाली की मलाच परकी! देवाने दुसरं काही न्यायचं होतं. गुडघे न्यायचे, नाहीतरी कुरकुरतातच. नेमकं वाचणंच?

१२ मार्च
हे रोज पेपर वाचून दाखवतात. काय ते वाचणं! अडखळतात, खाकरतात, मध्येच चहाचं विचारतात. "नीट वाचा की जरा!" म्हटलं तर म्हणे, "वाचतोय ना बाई." बातम्या मात्र सगळ्या छान छान. जगात वाईट काही घडायचंच थांबलंय जणू.

१८ मार्च
डॉक्टरांनी सांगितलं होतं, अक्षरावरून बोट फिरवून बघा. फिरवलं — आणि हाताला कळलं! प. पू. ल. घाम फुटला, पण मथळा लागला — "पूल खचला".

सकाळी ह्यांनी काय वाचलं होतं? "नव्या पुलाचं थाटात उद्घाटन"!

"खोटारडे!" म्हटलं. "मी काय कुकुलं बाळ आहे, गोड गोड सांगून झोपवायला?" हे चष्मा पुसत बसले.

१९ मार्च
अबोला. पेपर दारातच पडून.

२१ मार्च
आज हे स्वतःच म्हणाले, "मलाही दाखवायचंय डॉक्टरांना." लगेच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालाय म्हणे. समोरचं सगळं धुरकट, फक्त कडा दिसतात. त्या दिवशी बातमीतल्या फोटोच्या कडेला पुलाचा कठडा आणि गर्दी तेवढी दिसली, म्हणून उद्घाटन. बाकी सगळ्या बातम्या मनच्या.

"तू कान लावून बसायचीस गं," म्हणाले. "दिसत नाही, असं कुठल्या तोंडाने सांगू?"